बदली वधू

राजेसाहेबांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी पहिली आज्ञा सोडली ती जिन्याबद्दल. मोठ्या दिवाणखान्यात उतरणारा संगमरवरी जिना त्यांनी फोडायला लावला, कारण त्यावर पडणाऱ्या पावलांचा आवाज त्यांना कोरडा वाटत होता. मग लाकडाचा जिना झाला. तो कुरकुरला म्हणून काढला. त्यानंतर पुन्हा दगडाचाच केला, पण आतून पोकळ, आणि पोकळीत लोकर ठासलेली. त्यावरून कोणी उतरलं की लांब कुठेतरी दार लोटल्यासारखा आवाज यायचा. राजेसाहेब तळाशी खुर्ची टाकून डोळे मिटून बसले, एका पहारेकऱ्याला पुन्हा पुन्हा उतरायला लावलं आणि म्हणाले, हा ठीक आहे.

राजवाड्यात याचं कोणाला नवल वाटलं नाही. एका जेवणासाठी राजेसाहेबांनी फुलांनी डवरलेली झाडं मुळासकट आणवून जेवणघरात रोवली होती आणि सकाळी ती कचऱ्यात गेली होती. समोरच्या रस्त्यावरची घरं पडद्यांशी जुळत नाहीत म्हणून त्यांनी ती रंगवून घेतली, आणि पडदे बदलले तेव्हा पुन्हा रंगवली. सगळी घड्याळं एका ठेक्यात वाजत नाहीत असं दिसल्यावर सगळीच बंद केली. हे सगळं ते अगदी हळू आवाजात, जवळजवळ माफी मागितल्यासारखं सांगायचे. त्यांना कोणी रागावलेलं पाहिलं नव्हतं. माणसांचे चेहरे मात्र त्यांना जवळून सोसत नसत. नोकरांनी बोलताना खाली बघायचं हा नियम होता आणि बाहेरचे लोक त्याला दरारा समजत. खरं तर कोणी वर बघितलं की राजेसाहेबच दचकायचे.

वधू नदीपलीकडच्या राज्यातली. राजेसाहेबांनी तिला एकदाच पाहिली होती, एका मेजवानीत, दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीत पाठमोरी उभी असताना. तेवढ्यावर त्यांनी मागणी घातली. ती लग्नापर्यंत माहेरीच राहणार होती आणि तिचं माप घ्यायला कोणी जायचं नाही, असं राजेसाहेबांनी ठरवलं. आपल्या होणाऱ्या राणीची कंबर शिंप्यांच्या तोंडी जावी हे त्यांना खपणारं नव्हतं. लग्नाचा पोशाख तिच्याच उंचीच्या बाईच्या अंगावर, उभ्या उभ्या शिवायचा. उंची किती, तर खिडकीच्या चौकटीत ती कुठवर येत होती हे राजेसाहेबांना पक्कं आठवत होतं. त्यांनी तशी रिकामी चौकट सुताराकडून करून घेतली आणि ती शिवणघरात उभी केली.

शिवणघर थोरलीच्या हाताखाली होतं. थोरली म्हणजे घरातली थोरली सून. नवरा गेल्यापासून ती राजवाड्यात शिवत होती आणि बोटांच्या जोरावर वर चढत चढत सगळ्या शिवणघराची प्रमुख झाली होती. ती भांडखोर नव्हती, पण तिच्याशी भांडायला कोणी जात नसे. चौकटीत बसणारी मुलगी तिला शोधायची होती. मुलगी कुमारिका हवी, पाऊल हलकं हवं, आणि एकदा निवडली की लग्नापर्यंत ती राजवाड्याबाहेर जाणार नाही, कारण गावातल्या दगडी रस्त्यांवर चाल बिघडते. मुली आल्या आणि गेल्या. कोणी बुटकी निघाली, कोणी पाय आपटत चालली, एकीला पायरीवर खोकला आला. शेवटी कारभाऱ्यांनी थोरलीला सांगितलं की उद्या मुलगी मिळाली नाही तर काम परदेशी शिंप्यांना जाईल आणि शिवणघराला कुलूप लागेल. कारभारी म्हणजे राजेसाहेबांच्या खासगीचे प्रमुख. माणूस वाळका आणि नेमका, कुठलीही गोष्ट दोन बोटांत धरून उचलल्यासारखी बोलणारा. नोकरचाकर त्यांना मागून चिमटा म्हणत.

थोरलीने दुसऱ्या दिवशी आपल्या धाकट्या जावेला चौकटीत उभी केली. उंची तंतोतंत बसली. ही कोण, असं चिमट्याने विचारलं.

"माझी बहीण," थोरली म्हणाली. "लग्न व्हायचंय अजून."

एवढंच ती खोटं बोलली. तिचा हिशेब सरळ होता. लग्न वसंतात आहे, चार टाके घालायचे, दहा वेळा जिना उतरायचा, की धाकटी घरी. दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, डोंगरावर राजेसाहेबांच्या नव्या महालाचे दगड घडवत होता. तो तसाही महिनोन्महिने घरी नसे. कोणाचं काय अडतंय.

धाकटीला हे कळलं तेव्हा ती चौकटीतून बाहेर आली होती आणि बोलायची वेळ निघून गेली होती. त्या दिवशी ती थोरलीला एवढंच म्हणाली, "विचारायचं तरी होतंत, ताई."

सुरुवातीला सगळं हसण्यावारी गेलं. दीर भेटायला यायचा तो थोरलीला भेटायला आल्यासारखा. स्वतःच्या बायकोला "काय, बऱ्या आहात ना?" असं परक्यासारखं विचारायचा आणि ती मान खाली घालून "हो, दादा" म्हणायची. मग तो खोकल्याचं सोंग करून हसू दाबत बाहेर पडायचा. पडद्यामागच्या लहानशा खोलीत थोरली त्यांना थोडा वेळ मिळवून द्यायची. तेवढ्यातच जे व्हायचं ते झालं.

धाकटीचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. पाण्याची घागर घेऊन ओटा चढताना गेलं होतं. या खेपेला सुईण शिवणघरात कपडे बेतून घ्यायच्या निमित्ताने आली, पोटाला हात लावून पाहिला आणि सांगून गेली की हिला जिना चढू-उतरू देऊ नका, वजन अंगावर घेऊ देऊ नका.

रोज दुपारी वजन अंगावर घेऊन जिना उतरणं हेच तिचं काम होतं. पोशाखाला मोत्यांचं भरतकाम होतं, घोळ मागे लांबवर सरपटत जायचा, आणि तोंडावरून कमरेपर्यंत दाट जाळी सोडलेली असायची. राजेसाहेब तळाशी खुर्चीत बसायचे. ती उतरून खाली आली की ते हळूच म्हणायचे, पुन्हा एकदा. तिचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता, पाहायला मागितलाही नव्हता.

लग्न वसंतात झालं नाही. मांडलेली फुलं पांढरी होती, पण त्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक होती. तारीख पुढे गेली. मग रथाचे घोडे एका रंगाचे मिळाले, पण त्यांच्या शेपट्या वेगळ्या निघाल्या. तारीख पुन्हा पुढे गेली. नदीपलीकडून निरोप आले, मग कडक निरोप आले. चिमटा त्यांना नेमकी आणि पोकळ उत्तरं देत राहिला. प्रत्येक वेळी तारीख ढकलल्याची बातमी शिवणघरात आली की धाकटी पोटावर हात ठेवून खाली बसायची आणि थोरली तिच्याकडे न बघता सुई ओवायची.

थोरलीला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. खरं सांगावं तर राजाला फसवल्याबद्दल दोघी किल्ल्याच्या कोठडीत जातील आणि दीर कामावरून. पळून जावं तर दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यांना हुकूमच होता की या मुलीला बाहेर सोडायचं नाही. म्हणून तिने तिला येत होतं ते केलं. शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, ज्याला शिवणारे माया म्हणतात, ते ती थोडं थोडं बाहेर काढत गेली. ते संपल्यावर तिने कंबर वर सरकवली, छातीखाली आणली. पुढे चुण्या घातल्या आणि चुण्या बसून राहाव्यात म्हणून त्यांच्यावर मोत्यांच्या ओळी टाकल्या. अंगावर शिवायचा हुकूम होता आणि अंग वाढत होतं, त्यामुळे पोशाखही वाढत होता. आपण राणीचा पोशाख एका गरोदर बाईच्या मापाने शिवतो आहोत, हे थोरलीला कळत नव्हतं असं नाही. पण तिच्यासमोर रोज एकच प्रश्न असायचा, आजची दुपार निभावायची कशी. राणीच्या अंगाचा विचार तिने लग्नाच्या आदल्या आठवड्यावर टाकला होता.

सगळ्यात वाईट गोष्ट ही झाली की राजेसाहेबांना तो पोशाख आवडला.

"आता त्याला वजन आलं," ते चिमट्याला म्हणाले. "आधी ती उतरायची. आता ती येते."

खरं होतं ते. धाकटी आता पायरीवर पाऊल टेकवायच्या आधी थांबायची, एक हात कठड्यावर ठेवायची, सगळं अंग तोलून मग खाली यायची. राजेसाहेब डोळे न मिटता बघत. त्यांनी चित्रकाराला बोलावून जिन्यावरच्या आकृतीची चित्रं करवली. बागेच्या नव्या फाटकावर लोखंडात तीच आकृती ओतवली. दरबारातल्या बायकांनी ती चित्रं पाहिली आणि महिन्याभरात शहरातल्या झाडून सगळ्या बड्या घरच्या लेकीसुना छातीखाली कंबर आणि पुढे चुण्या असलेले झगे घालून फिरू लागल्या. बाजारात एका म्हातारीने विचारलं म्हणतात, की यंदा सगळ्यांना एकदमच कसे दिवस राहिले.

दिवस भरत आले आणि राजकन्या आली.

तिला बोलावलेलं नव्हतं. घरच्यांचा धीर सुटला म्हणून ती आत्याला घेऊन, एक गाडी आणि मागे एक सामानाची गाडी, अशी सकाळीच दारात येऊन उभी राहिली. चिमट्याच्या तोंडचं पाणी पळालं. राजेसाहेब मात्र प्रसन्न झाले. म्हणाले, उत्तम, आज दुपारी खुद्द त्याच उतरतील.

राजकन्या उंच, सडसडीत, घोड्यावर बसून बसून पाठ ताठ झालेली मुलगी होती. शिवणघरात तिने प्रवासाचा जाड अंगरखा, जाळीची टोपी आणि बूट काढून ठेवले, पोशाखाबरोबरचे जोडे घातले आणि हात पसरून उभी राहिली. धाकटी पडद्यामागे होती. थोरलीने पोशाख राजकन्येच्या डोक्यावरून खाली सोडला, मागची बटणं लावली आणि पुढे येऊन पाहिलं. चुण्या रिकाम्या पोत्यासारख्या लोंबत होत्या. टाचण्या लावून ओढायला जावं तर मोत्यांच्या ओळी वाकड्या होत होत्या. थोरली टाचण्या लावत आणि पुन्हा काढत राहिली.

राजकन्येची आत्या खुर्चीत बसून हे बघत होती. गोरीगोमटी, स्थूल, पाच मुलांची आई. तिने पोशाख बघितला, थोरलीचे हात बघितले, पडद्याकडे बघितलं, आणि ओठ घट्ट मिटले.

जिन्यावर राजकन्या चांगली उतरली, म्हणजे माणसं उतरतात तशी उतरली. भरभर, टाचा टेकवत, पुढचं कापड एका मुठीत धरून. लोकर भरलेल्या पायऱ्यांमधूनही आवाज आला. तळाशी पोचून तिने जाळी वर केली आणि ज्या माणसाची ती सव्वा वर्ष वाट बघत होती त्याच्याकडे सरळ बघून हसली.

राजेसाहेबांनी मान फिरवली.

"ही ती नव्हे," ते चिमट्याला म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "तिला बोलवा."

कोणाला, हे चिमट्याला विचारावं लागलं नाही. तो जिना चढून शिवणघराच्या दारात आला. धाकटीला सकाळपासून कळा येऊन जात होत्या. खोट्या की खऱ्या ते तिलाही सांगता येत नव्हतं. थोरली दारात आडवी उभी राहिली. ती येणार नाही, असं तिने सांगितलं. चिमट्याने कारण विचारलं तेव्हा थोरली म्हणाली, कारण मी महाराजांनाच सांगेन, आणि त्याच्या आधी जिना उतरू लागली.

राजेसाहेबांसमोर ती खाली बघून उभी राहिली. राजकन्या अजून तिथेच, शेवटच्या पायरीवर होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"महाराज, ती माझी बहीण नाही. धाकटी जाऊ आहे. लग्न झालेली आहे. दिवस भरलेत तिचे. आता तिला जिना उतरवलंत तर मूल जाईल. खोटं मी बोलले, तिचा त्यात काही दोष नाही."

राजेसाहेबांनी मग जे विचारलं ते थोरलीच्या ध्यानीमनी नव्हतं.

"ते वजन. ते मुलाचं होतं?"

"होय, महाराज."

"म्हणजे मूल झाल्यावर ते राहणार नाही."

राजेसाहेब उठून दोन पावलं चालले, परत बसले. कोठडीचं नाव त्यांनी काढलं नाही. तिला बागेकडच्या हिरव्या खोलीत हलवा, असं त्यांनी चिमट्याला सांगितलं. वैद्य, दाया, गाद्या, जे लागेल ते द्या. चित्रकाराला आजच बोलवा, वेळ थोडा आहे. त्यानंतर ती इथेच राहील. पोशाखाचं पुढे काय करायचं ते बघू.

"आणि मूल, महाराज?" थोरलीने विचारलं.

"मूल तिच्या घरच्यांकडे पाठवा," राजेसाहेब म्हणाले. "रडण्याचा आवाज मला सोसत नाही."

ते हे अगदी आपुलकीने म्हणाले. थोरलीला कोठडी परवडली असती.

हिरवी खोली तयार होईपर्यंत थोडा अवधी होता. शिवणघराचं दार आतून लावून घेतलं तेव्हा आत चौघी होत्या, दोघी जावा, राजकन्या आणि तिची आत्या. धाकटी भिंतीला टेकून बसली होती. थोरलीने तिला सांगितलं, काही न गाळता सांगितलं. धाकटी रडली नाही. ती थोरलीकडे बघत म्हणाली, "एकदा तुमच्या तोंडून शब्द गेला आणि मी बिनलग्नाची झाले. आज परत गेला आणि माझं मूल गेलं. आता तुम्ही बोलू नका, ताई. काहीतरी करा."

थोरली उभीच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात काही नव्हतं.

बोलली ती राजकन्या. ती पोशाखातच होती. मागची बटणं काढायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"माझं नाव तरी घेतलं का हो त्यांनी, एकदा तरी?" तिने आत्याला विचारलं.

"नाही, बाळ," आत्या म्हणाली. "आणि मी सांगते, पोशाख बघितला तेव्हाच ओळखलं होतं मी हा पोटुशीवर बेतलाय. म्हटलं, परक्याच्या घरात आपण कशाला तोंड उघडा."

राजकन्येने धाकटीकडे पाहिलं. उंची एकच होती. मग तिने खुर्चीवर पडलेला आपला प्रवासाचा अंगरखा पाहिला. तो जाड होता आणि ऐसपैस होता.

"बूट होतील का हिला?"

आत्या खुर्चीतून उठली. "वेड लागलंय का तुला? आणि तू?"

"मला कोण अडवणार? मी मागून येते. आत्ता अपमान झालेली नवरी आत्याबरोबर तरातरा निघून जाईल. कोणाला त्यात खोट दिसणार नाही. नदी ओलांडलीत की ती आपल्या घरची."

थोरली तोपर्यंत धाकटीच्या पायात बूट चढवायला बसलीही होती. बूट घट्ट होत होते. तिने ते रेटून चढवले, अंगरख्याचे बंद ढिले बांधले, टोपीवरची जाळी खाली ओढली. आणि मग तिच्या लक्षात आलं की खरी अडचण चेहऱ्याची नाहीच. खाली जो माणूस बसलाय त्याने हा चेहरा कधी पाहिलेलाच नाही. पण या पावलांचा आवाज तो झोपेतही ओळखेल.

"नीट ऐक," ती धाकटीला म्हणाली. "तोलून उतरायचं नाही. हात कठड्याला लावायचा नाही. पाय आपटत जायचं, रागाने. माहेरी आईशी भांडून नदीवर निघायचीस ना, तशी."

"ताई, कळ येतेय मला."

"माहीत आहे. तरी."

त्या दोघी जिन्याच्या तोंडाशी गेल्या, धाकटी आणि आत्या. थोरली वरच्या सज्ज्याच्या खांबाआड थांबली. राजेसाहेब खुर्चीत होते. चिमटा त्यांच्या मागे. धाकटी पहिली पायरी उतरली ती टाच आपटून. थोरलीने डोळे मिटून घेतले आणि मग न राहवून उघडले. राजेसाहेबांनी आवाज ऐकला, कपाळावर आठी पडली, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

धाकटी उतरत होती. ठक, ठक, ठक. वाईट उतरत होती, फार छान वाईट उतरत होती. अर्ध्या जिन्यावर ती थांबली.

हात कठड्याकडे गेला. बोटं दगडावर आवळली. दिवाणखान्यात काही आवाज नव्हता, आणि त्या नसलेल्या आवाजाने राजेसाहेबांची मान किंचित वळली. ही थांबण्याची तऱ्हा त्यांच्या कानाला ओळखीची असावी. थोरलीने खांबाला नखं रोवली.

"आता मागे वळून काय बघतेस?" आत्या कडाडली. राजवाड्यात एवढा मोठा आवाज कित्येक वर्षांत कोणी काढला नव्हता. "सव्वा वर्ष टांगून ठेवलं, दारात आल्यावर बस म्हटलं नाही, अजून हौस फिटली नाही वाटतं तुझी? चल!"

राजेसाहेबांनी मान पुन्हा भिंतीकडे नेली. या वेळी त्यांनी कानावर हातही ठेवला. चिमटा जमिनीकडे बघत राहिला. आत्याने धाकटीच्या दंडाला धरलं, रागाने धरल्यासारखं, आणि जवळजवळ उचलून उरलेल्या पायऱ्या उतरवल्या. दार उघडलं. दार लागलं. बाहेर गाडीची चाकं खडीवरून गेल्याचं ऐकू आलं.

थोड्या वेळाने चिमटा शिवणघरात आला. हिरवी खोली तयार होती. खिडकीपाशी पोशाख घातलेली, जाळी सोडलेली बाई पाठमोरी उभी होती.

"चला," तो म्हणाला.

बाईने जाळी वर केली. चिमट्याने तिच्याकडे पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आत राजकन्या म्हणाली, "मी निघते. गाडी गेली, तर सामानाची गाडी चालेल मला. आणि ह्या बाई माझ्याबरोबर येतील. एवढा घोळ कोण धरणार?"

चिमटा नेमका माणूस होता आणि अशा वेळी त्याला नेमकी गोष्ट आठवली. "पोशाख राजवाड्याचा आहे."

"बरं. मग काढून घ्या."

ती तशीच उभी राहिली. चिमटा बाजूला झाला.

राजकन्या जिना उतरू लागली. मागे घोळ दोन्ही हातांत धरून थोरली. राजेसाहेब या खेपेला उभे राहिले. त्यांनी पोशाख पाहिला, पुढे मुठीत गोळा केलेलं कापड पाहिलं, आणि टाचांचा तो आवाज ऐकला. थोरली जवळ आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, अगदी हळू, जणू दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये.

"मघाशी गेली ती?"

थोरलीने पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते दचकले, पण त्यांनी नजर काढली नाही.

"होय, महाराज."

"मी पाहिलं नाही," राजेसाहेब म्हणाले.

चिमटा मागून धावत खाली आला होता. स्वार पाठवू का, असं त्याने विचारलं. राजेसाहेबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. राजकन्या दिवाणखाना ओलांडत होती, ठक, ठक, दाराकडे, दाराच्या बाहेर, पायऱ्यांवरून अंगणात.

"आधी हा आवाज थांबू दे," ते म्हणाले.

सामानाच्या गाडीत दोघी पेट्यांच्या मधे दाटीवाटीने बसल्या. शहरातून जाताना कोणी वळून बघितलं नाही. रस्त्यावर तसल्याच झग्यांच्या बायका हिंडत होत्या. थोरली मागच्या फटीतून रस्ता बघत होती आणि डोंगरावर दिराला निरोप कसा पोचवायचा ते मनात जुळवत होती. स्वार दिसले ते नदीजवळ आल्यावर, लांब, धुळीत. तोपर्यंत होडीवाल्याने गाडीची चाकं तराफ्यावर घेतली होती. मधल्या पाण्यात गेल्यावर स्वार काठावर पोचले, थोडा वेळ उभे राहिले आणि एकाने घोड्याला पाणी पाजायला घेतलं. पलीकडचा काठ त्यांच्या राजाचा नव्हता.

नावाड्याचं घर काठालगतच होतं. दुसरी गाडी, पुढे गेलेली, घोडे सोडून दाराशी उभी होती. म्हणजे त्या इथून पुढे जाऊ शकल्या नव्हत्या. थोरली गाडीतून उतरली. घरातून कसलाही आवाज येत नव्हता. बाईच्या कण्हण्याचा नाही, मुलाच्या रडण्याचा नाही. ती दारापर्यंत गेली आणि तिथे तिचे पाय थांबले.

दार आतून उघडलं. आत्या बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या, केस विस्कटलेले.

"हळू बोला," ती म्हणाली. "डोळा लागलाय दोघींचा. मुलगी आहे. फार रडली, म्हणून आता दमली."

थोरली उंबऱ्यावर बसली. तिला आत जायचं होतं, पण त्याआधी थोडं बसायचं होतं.

मागून राजकन्या आली आणि दारात अडकली. पोशाख चौकटीत मावेना. ती एक खांदा आधी घालून बघत होती, मग दुसरा. आत्या म्हणाली, अगं, फाडशील. थोरली उठली. नावाड्याच्या बायकोकडून तिने मासेमारीचं जाळं कापायची कात्री मागून घेतली, राजकन्येला अंगणात उजेडाकडे पाठ करून उभी केली आणि छातीखालची शिवण वरपासून उसवायला घेतली. मोती टपटप मातीत पडत होते. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. आतून धाकटीने कोण आलंय म्हणून विचारलं.

"मी आहे," थोरली म्हणाली. "पडून राहा. येतेच मी."